शून्याची नोंद

मंडळी, बहुतेक तालुक्यांच्या कचेरीच्या आवारात एक नळकांडं बसवलेलं असतं. पर्जन्यमापक. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजून आकडा वहीत लिहायचा. थेंब पडला नसला तर शून्य लिहायचं. आणि अवर्षणाच्या साली तेच शून्य तुमच्या कामी येतं! टंचाई ठरवायची, ओढ्यावरची मोरी किती रुंद ठेवायची, तर ही वही आधी उघडावी लागते. हवामान खातं १८७५ सालचं. आता स्वयंचलित यंत्रंही आली. पण जुन्या नोंदींवाचून यंदाचा पाऊस कमी की जास्त, हे सांगणार कोण? गुरुजी, मुलांकडून हिशेब करवून घ्या: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. मग ती वही दाखवायला न्या. कारकुनाला आधी विचारा मात्र.