जवारी आणि यंत्र

सिंथेसायझरच्या स्वराला प्रतिध्वनी, कंप, घुमारा असे नाना संस्कार देणाऱ्या ॲनलॉग पेटीविषयी दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, हा कृत्रिमपणा. दुसरा म्हणतो, तिच्यावाचून स्वर कोरडा.

कमरीपेठ ज्या हुबळीत आहे, तेथेच किराणा घराण्याच्या गंगूबाई हनगळ (१९१३–२००९) राहिल्या. त्यांच्या साथीचा तंबोरा या वादात काय सांगतो? घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवला की तीच तार उपस्वरांनी भरून येते. ही जवारी, हाही संस्कारच! तेव्हा संस्काराला दोष देणे न्याय्य नव्हे. परंतु बेसूर तार धाग्याने सुरेल होत नाही. पेटीही रंग देईल, सूर देणार नाही. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी विद्यार्थ्याने ती बंद ठेवून आपले वादन एकदा ऐकावे.