मातीच्या कपातला चहा

(महाडला २० मार्चच्या संध्याकाळी तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, फक्त विस्कळीत भाग आवरलाय.)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता खिशात आहे, वेळ उरला तर वाचीन. आज मी क्रिकेटवर बोलणार आहे. हसू नका. तळ्याकाठी येऊन क्रिकेटवर काय बोलतो हा, असं वाटेल. शेवटपर्यंत ऐका, मग हसा.

मी पोलादपूरकडचा. मॅट्रिक झालो, पुढं जमलं नाही. मुंबईला इंदिरा गोदीत मुकादमाच्या टोळीत बोजा उचलतो. पण गावी आलो की मी गोदी कामगार नसतो, बॉलर असतो. तुम्हाला ठाऊक आहे, भात झोडून झाला, खाचरं मोकळी झाली की आपल्याकडं गावागावात टेनिस बॉलच्या टुर्नामेंटा लागतात. पैसेवाली टीम बाहेरचा बॉलर भाड्यानं आणते. दोन वर्षांपूर्वी एका गावानं मला दिवसाचे सातशे रुपये बोलून नेलं. गावाचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की बाकीची गावं सुटतात.

फायनलची शेवटची ओव्हर. त्यांना नऊ रन पाहिजे होते, मी चार दिले. मला खांद्यावर घेतलं. गुलाल, बॅन्जो, सगळं. रात्री कॅप्टनच्या घरी ओटीवर जेवण. आतून स्टीलची ताटं आली. माझ्या हातात कागदाची डिश आणि प्लास्टिकचा ग्लास आला. कुणी वाकडं बोललं नाही. ओटीवर दाटी झाली म्हणाले. मी अंगणात जीपच्या बॉनेटवर डिश ठेवून जेवलो. मटण चांगलं झालं होतं. मी ते खाल्लं. हेच अजून बोचतं.

ती डिश टाकायची होती. टाकली की संपलं, घासायला नको आणि विटाळायलाही नको. मला वाटलं, काय हुशारी आहे यांची! नंतर कळलं, ही हुशारी सव्वाशे वर्षांची जुनी आहे. ज्याच्यावर ती पहिल्यांदा अशी जगजाहीर झाली तो आपल्यातलाच एक बॉलर होता. बाळू पालवणकर.

बाळूचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं पालवण. चर्मकार समाजातला. जन्म १८७६ चा. बाप पुण्यात पलटणीत कामाला. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅटबॉलवर बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पहिली नोकरी पारशांच्या क्लबात, पीच झाडायची आणि रोलर ओढायचा. पगार महिना ३ रुपये. मग साहेबांच्या पूना क्लबात, ४ रुपये. तिथं साहेब लोक सरावाला यायचे आणि बाळू त्यांना तासन् तास बॉल टाकायचा. डाव्या हाताचा संथ फिरकी बॉलर, आत आणि बाहेर दोन्हीकडं वळवणारा. ग्रेग नावाचा मोठा बॅट्समन त्याच्यावर आपला हात साफ करून घ्यायचा. एवढं बॉल टाकून बाळूच्या हातात बॅट कधी दिली नाही. बॉल टाकायचं काम गड्याचं, मारायचं काम साहेबाचं. आम्ही गोदीत हेच करतो. माल उचलायचा आम्ही, मोजायचा दुसऱ्यानं.

पुण्याच्या हिंदूंना साहेबांना हरवायचं होतं. त्यासाठी त्यांना बाळू पाहिजे होता. मोठी पंचाईत झाली. विकेट त्याच्या हातची चालते, पाणी चालत नाही. मग तोडगा निघाला. मैदानात बाळू त्यांच्याबरोबर, एकच बॉल सगळ्यांच्या हातात. चहाची सुट्टी झाली की ते पॅव्हेलियनमध्ये आणि बाळू बाहेर. त्यांना चिनी मातीचे कप, बाळूला कुंभाराच्या मातीचा कप. पिऊन झाला की फेकायचा. जेवायचं टेबल वेगळं. माझ्या कागदी डिशचा आजा तो.

त्याच बाळूनं घाटापलीकडं साताऱ्याला जाऊन गोऱ्यांच्या जिमखान्याच्या ७ विकेटा काढल्या, तेव्हा त्याची हत्तीवरून मिरवणूक निघाली. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या लोकांना जाहीर सुनावलं, ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवत का नाही, अशा अर्थाचं. हत्तीवर बसवायला कुणाची हरकत नव्हती. हत्तीला विटाळ होत नाही.

आता परदेशाची गोष्ट. १९११ च्या मे महिन्यात मुंबई बंदरातून हिंदुस्थानची पहिली टीम इंग्लंडला निघाली. मी ज्या बंदरात बोजे टाकतो त्याच बंदरातून. कप्तान पतियाळाचा महाराजा. टीम धर्मावर वाटून निवडलेली, पारशी इतके, हिंदू इतके, मुसलमान इतके. त्यात बाळू आणि शिवराम दोघे. बाळू तेव्हा पस्तिशीचा होता, बॉलरचं वय उतरणीला लागलेलं. महाराजा मेजवान्यांना जास्त आणि मैदानात कमी. टीम २३ मॅच खेळली, ६ जिंकली, १५ हरली. आणि त्या हरणाऱ्या टीममध्ये बाळूनं सगळ्या मॅच धरून ११४ विकेटा काढल्या, एका विकेटला १९ रनसुद्धा पडले नाहीत. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावात ८ काढल्या. लेस्टरशायरला टीमनं पहिल्यांदा एक काउंटी हरवली, तिथं दोन डावांत बाळूच्या ११. सॉमरसेटला एक विकेट राखून जिंकले, तिथं शिवरामचे नाबाद ११३.

परक्या देशात, परक्या पावसात, ओल्या पीचवर. तिथला साहेब काही संत नव्हता. तो आपल्यावर राज्य करत होता. पण लेस्टरच्या बॅट्समनला बाळूचा बॉल कुठं वळतो एवढंच बघायचं होतं. आपल्याकडं आधी जात बघायची, मग बॉल.

हे फक्त आपल्याच नशिबी नाही. अमेरिकेतल्या काळ्या बास्केटबॉल खेळाडूंचं बघा. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स म्हणून सगळ्या काळ्या खेळाडूंची टीम. मालक गोरा. १९५१ साली बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये त्यांना बघायला ७५ हजार माणूस आलं. परदेशात ते अमेरिकेचे वकील. घरी दक्षिणेकडच्या गावात मॅच झाली की त्यांना तिथलं हॉटेल खोली देत नव्हतं. आणि त्या देशाच्या सगळ्यात मोठ्या लीगचं, एनबीएचं दार काळ्या खेळाडूला उघडलं ते १९५० ला. बाहेर देशाची इभ्रत, घरी दाराबाहेर. बाळूनं आणि त्यांनी एकमेकांना कधी बघितलं नाही, पण एकाच कपातला चहा प्यायले.

बाळू परत आला. मुंबईत आपल्या लोकांनी त्याचा सत्कार केला. त्या मानपत्रामागं कॉलेजात शिकणारा एक तरुण होता असं सांगतात. भीमराव आंबेडकर. तेव्हा आपल्या समाजातला जगानं मानलेला माणूस बाळूच होता.

आता अवघड भाग येतो. इथं बसलेल्या काही जणांनी चहाच्या वेळी मला विचारलं, बाळू कशाला? तो काँग्रेसचा ना? खरं आहे. लपवायचं नाही. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला गेला. १९३७ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यालाच बाबासाहेबांसमोर उभा केला. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. दोन हजारांचा फरक. बाबासाहेबांना पाडायला त्यांना आपल्यातलाच माणूस पाहिजे होता. जसा साहेबांना पाडायला पाहिजे होता तसाच.

आणि बघा, बरोबर महिन्यानं, १७ मार्च १९३७ ला, हायकोर्टानं या तळ्याचा निकाल दिला. १९२७ साली बाबासाहेबांनी इथं ओंजळ भरली होती. त्यानंतर गाववाल्यांनी पंचगव्य ओतून तळं शुद्ध करून घेतलं. कप फेकता येतो, तळं फेकता येत नाही, म्हणून शुद्ध करायचं. मग कोर्टात गेले, तळं खाजगी आहे म्हणाले. दहा वर्षं दावा चालला. शेवटी तळं सगळ्यांचं ठरलं.

मला इथं दोन वाटा दिसतात. बाळूची वाट म्हणजे, आपण इतकं चांगलं खेळू की एक दिवस ते स्वतःहून आत घेतील. बाबासाहेबांची वाट म्हणजे, आत घेण्याची वाट बघायची नाही, पाणी आपलं आहे, प्यायचं. बाळूनं आयुष्यभर चांगलं खेळून बघितलं. हिंदूंच्या टीमचा सगळ्यात भारी बॉलर असून त्याला कप्तान काही केला नाही. पहिल्या वाटेचा हिशेब एवढाच.

पण एक गोष्ट १९२० ची. कप्तानपद देताना पालवणकरांना डावललं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम दोघा भावांनी मॅच खेळायला नकार दिला. खेळणार नाही म्हणजे नाही. फायनलला त्यांना परत बोलवावं लागलं, आणि बाळूला उपकप्तान करावं लागलं. तीन वर्षांनी, १९२३ ला, विठ्ठल हिंदूंचा कप्तान झाला आणि जिंकून आला. पंचवीस वर्षांच्या विकेटांनी जे झालं नाही ते दोघांच्या नकारानं सुरू झालं. म्हणून मी बाळूला टाकून देत नाही. टाकून द्यायला तो मातीचा कप नाही. त्याचं राजकारण चुकलं असं मी म्हणतो, आणि त्याच्या घरातला संप मी घेतो.

संप आम्हाला गोदीत कळतो. एकटा बसला तर मुकादम हाकलतो. टोळी बसली तर क्रेन थांबते.

आता माझं पुढचं सांगतो. गेल्या वर्षी त्याच गावाचा फोन आला. मी म्हणलं, येतो, पण आधी सांगा, जेवण कुठं आणि कशात? तिकडून थोडा वेळ आवाज नाही. मग म्हणाले, कळवतो. कळवलं नाही. माझे सातशे गेले. मी एकटा बसलो होतो. माझ्या जागी आपल्याच खालच्या वस्तीतला एक पोरगा गेला. त्यानंही मॅच काढून दिली, आणि तोही बाहेरच जेवला असणार.

तो पोरगा आज इथं बसलाय. नाव घेत नाही. मान खाली घालू नकोस. तुझ्या घरी त्या पैशाचं तांदूळ आलं असेल, मला माहीत आहे, मीपण खाल्लंय. पण बैठक संपली की भेट. तू, मी, आणि बाजूच्या वाडीतले ते दोघे. या पट्ट्यातले चांगले बॉलर म्हणजे आपण चौघेच. चौघांची एकच अट. ओटीवर, त्यांच्या पंगतीत, त्यांच्यासारख्या ताटात. नाहीतर दिवाळीनंतर आपण आपल्या वस्तीच्या टीमकडून खेळू, फुकट.

कविता राहिली. पुढच्या वेळी.

जयभीम.