कामाची रीत कागदावर

कारखान्यातल्या कामाची पद्धत कोणी लिहायची, याचं ठोस उत्तर जपानच्या टोयोटा कंपनीत सापडतं. तिथल्या प्रमाणित कामाच्या तक्त्यात तीन गोष्टी असतात : एका नगासाठी मिळणारा वेळ, कामाचा क्रम आणि हाताशी ठेवायचा माल. टोयोटाच्या उत्पादन पद्धतीचे शिल्पकार ताइची ओनो यांचा आग्रह होता, की हा तक्ता प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनीच लिहावा. हा आग्रह फार मोलाचा. वरून आलेला कागद भिंतीवर नुसता लटकतो. स्वतः लिहिलेला पाळला जातो आणि सोपी युक्ती सापडली की बदललाही जातो. कामगारांकडून सूचना मागवण्याची योजनाही टोयोटाने १९५१ मध्ये सुरू केली.

असं लिहिलेलं काम नवख्याला शिकवण्याची रीत मात्र अमेरिकेतली. तिथे १९४० मध्ये युद्धसामग्रीच्या कारखान्यांसाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. शिकणाऱ्याची तयारी करून घेणं, काम करून दाखवणं, त्याच्याकडून करवून घेणं आणि पुढे लक्ष ठेवणं, अशा त्यातल्या शिकवणीच्या चार पायऱ्या. त्याआधी मुकादमाने कामाची फोड करायची : एका रकान्यात टप्पे, शेजारी खुबी. इजा कशाने होते, माल कशाने बिघडतो, हात कुठे हलका ठेवायचा, हे सारं या दुसऱ्या रकान्यात. खरी किंमत त्याचीच, कारण जुना कामगार निवृत्त झाला की हे ज्ञान त्याच्याबरोबर जातं. म्हणून ही फोड त्याला सोबत घेऊन, कामाच्या वेळेतच करावी आणि कागदावर त्याचं नाव घालावं. नवखा माणूस जिथे अडेल, तिथला मजकूर त्याच दिवशी दुरुस्त करावा.