‘केअर’ : एक शब्द, अनेक अर्थ
(परिचारिका दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



वैद्यकशास्त्रात मला गती नाही. सारी हयात इंग्रजी शिकवण्यात गेली. म्हणून आपल्या नित्य परिचयाचा एक इंग्रजी शब्दच आज विचारासाठी घेतो. तो शब्द म्हणजे ‘केअर’.

प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ दुःख, शोक असा होता. जर्मन भाषेत गुड फ्रायडेला ‘कारफ्रायटाग’ म्हणतात. त्यातील ‘कार’ हा याच कुळातला, शोकवाचक शब्द. पुढे शोकातून चिंता, चिंतेतून लक्ष आणि लक्षातून सांभाळ असा अर्थाचा प्रवास झाला. रोग बरा करणे या अर्थाचा ‘क्युअर’ हा शब्द त्याचा सख्खा भाऊ वाटतो. परंतु तो लॅटिनमधून आला आहे. दोघांचे कूळ वेगळे. रुग्णालयातही हा भेद आपण जाणतो. प्रत्येक रोग बरा होतोच असे नाही. पण जेथे ‘क्युअर’ थांबते तेथे ‘केअर’ थांबत नाही.

इंग्रजीने इतके अर्थ एकाच शब्दात भरले, तर मराठीने ते निरनिराळ्या शब्दांत वाटून दिले. ‘हेल्थ केअर’ म्हणजे आरोग्यसेवा. ‘डे केअर’ म्हणजे मुलांचे पाळणाघर. पाकिटावरचे ‘केअर ऑफ’ म्हणजे ‘द्वारा’. निरोप घेताना इंग्रज माणूस ‘टेक केअर’ म्हणतो, आपण ‘जपून जा’ म्हणतो. आणि ‘इन्टेन्सिव्ह केअर’ला आपण ‘अतिदक्षता’ म्हटले, ‘अतिकाळजी’ नव्हे. हा भेद मोलाचा आहे. त्या विभागाच्या दाराबाहेर नातेवाईक बसतात, त्यांच्यापाशी काळजी असते. आत काम करणाऱ्यांपाशी दक्षता असावी लागते.

खुद्द ‘काळजी’ या शब्दाला मराठीत दोन क्रियापदे लागतात. काळजी ‘करणे’ म्हणजे मनात झुरणे. काळजी ‘घेणे’ म्हणजे हाताने काही करणे. पहिलीने रुग्णाला काहीच मिळत नाही, दुसरीने मिळते. आणि या दोहोंमधून एक तिसरे वाक्य निघते, ते म्हणजे ‘काळजी करू नका’. रुग्णालयात हे वाक्य जितक्या वेळा उच्चारले जाते तितके दुसरे क्वचितच. त्याविषयी एक अनुभव सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझे वडील दुसऱ्या गावी एका रुग्णालयात होते. तेथील व्यवस्थेत मला उणे दिसले नाही. औषधे वेळेवर, चादरी स्वच्छ, खाटेपाशी तक्ता भरलेला. वडील मात्र रोज सांगत, ‘‘उठून उभा राहिलो की डोळ्यांपुढे अंधारी येते.’’ उत्तर मिळे, ‘‘वय झाले आजोबा, काळजी करू नका.’’ हे उत्तर देणाऱ्यांत मीही होतो. एका पहाटे शौचालयाकडे जाताना ते कोसळले आणि खुब्याचे हाड मोडले. त्यांचा रक्तदाब रोज निजलेल्या स्थितीत मोजला जाई आणि तो ठीक असे. उभे राहताच तो उतरत होता. तक्ता खोटा नव्हता आणि वडीलही खोटे बोलत नव्हते. त्यानंतर ते आधाराशिवाय चालले नाहीत. ‘काळजी करू नका’ म्हणताना मी त्यांना धीर देत नव्हतो, गप्प बसवत होतो, हे मला फार उशिरा कळले.

तेव्हापासून ‘शुश्रूषा’ या शब्दाकडे मी नव्याने पाहू लागलो. संस्कृतात ‘श्रु’ म्हणजे ऐकणे आणि ‘शुश्रूषा’ म्हणजे ऐकण्याची इच्छा. त्याच शब्दाला पुढे सेवा हा अर्थ आला. सेवेची सुरुवात ऐकण्यापासून होते, हे त्या शब्दाच्या घडणीतच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चार: उपचाराचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. दक्षता आणि अनुराग तेथे शेजारी आहेत. एकावाचून दुसरा अपुरा.

अमेरिकेतील डॉ. फ्रान्सिस पीबडी यांनी हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण १९२७ साली प्रसिद्ध झाले. रुग्णाची ‘केअर’ साधण्याचे रहस्य त्याच्याविषयी ‘केअर’ वाटण्यात आहे, हे त्याचे सार. तेथे पहिली ‘केअर’ म्हणजे शुश्रूषा आणि दुसरी म्हणजे आस्था. त्याच वर्षी पीबडी स्वतः कर्करोगाने गेले.

भगिनींनो, एका पाळीत किती खाटा आपल्याकडे असतात, हे मी पाहतो. प्रत्येकापाशी अर्धा तास बसा, असे सांगणे अन्यायाचे होईल. माझी विनंती एका वाक्यापुरती आहे. ‘काळजी करू नका’ म्हणण्यापूर्वी ‘कशाची काळजी वाटते?’ एवढे विचारावे आणि उत्तर तक्त्यावर लिहावे. विश्वस्तांनाही प्रार्थना की, हाच प्रश्न त्यांनी अधूनमधून परिचारिकांना विचारावा. ज्यांचे कोणी ऐकत नाही, त्यांनी दिवसभर इतरांचे ऐकावे, ही अपेक्षा फार काळ टिकत नाही.

आपण मला शांतपणे ऐकून घेतलेत. मूळ अर्थाने ही शुश्रूषाच झाली.