वाढत्या वेबसाइटला जागा कोणती घ्यावी?



अंथरूण पाहून पाय पसरावेत, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण खरी आहे. परंतु ती वाढ पुरी झालेल्या माणसासाठी आहे. वाढत्या मुलाचे काय करायचे? त्याचे पाय तर दरवर्षी लांब होतात. म्हणून शहाणी आई मुलाला सदरा शिवून घेताना शिलाईत दोन बोटे माया ठेवायला सांगते. पण पाचवीतल्या पोराला कोणी बापाचा कोट घालीत नाही. वाढत्या वेबसाइटला जागा घेताना नेमका हाच विवेक लागतो. तो कसा करावा, याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आज गावोगावच्या शाळा, वाचनालये, शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या स्वतःची वेबसाइट काढू लागल्या आहेत. सुरुवातीला सगळे सुरळीत चालते. मग नाव होते, पाहणारे वाढतात आणि एके दिवशी पान उघडेनासे होते. लगेच कोणी सांगतो, 'मोठा सर्व्हर घ्या.' कोणी म्हणतो, 'क्लाउडवर जा.' हे सल्ले खोटे असतात असे नाही. पण दुखणे काय आहे हे पाहण्याआधीच ते औषध देतात.

प्रथम होस्टिंग म्हणजे काय ते पाहू. आपली पाने, छायाचित्रे, माहितीच्या नोंदी या कुठल्या तरी संगणकावर असाव्या लागतात आणि तो संगणक रात्रंदिवस चालू व इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. अशा संगणकावरील भाड्याची जागा म्हणजे होस्टिंग. जगातील पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत उभी केली. ती १९९१ साली बाहेरच्या जगाला खुली झाली. तिचा संगणक टेबलावर मावेल एवढाच होता आणि त्यावर लाल शाईने लिहिलेली एक चिठ्ठी डकवलेली होती : हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये. होस्टिंगचे सारे सार त्या चिठ्ठीत आहे. कोणी तरी ते यंत्र चालू ठेवण्याची जबाबदारी घ्यायची आणि आपण त्याबद्दल भाडे द्यायचे.

येथे एक भेद ध्यानात ठेवा. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, ही एक वस्तू आणि तिची जागा, म्हणजे होस्टिंग, ही दुसरी. नाव '.इन'मध्ये घ्या, किंवा २०१४ पासून मिळू लागलेले देवनागरीतले '.भारत' घ्या, जागा बदलली तरी नाव तेच राहते. घर बदलले म्हणून माणसाचे नाव बदलत नाही, तसेच हे आहे. या भेदाचा उपयोग पुढे दिसेल.

आता गरज मोजू. समजा, एका तालुक्यातील शिक्षकांनी सरावाच्या प्रश्नपत्रिकांची वेबसाइट काढली. संगणक देवनागरी लिहितो तेव्हा अक्षर, काना, मात्रा, वेलांटी अशा प्रत्येक खुणेला साधारण ३ बाइट लागतात. चार पानी प्रश्नपत्रिकेत अशा ६,००० खुणा धरल्या, तर झाले १८,००० बाइट. तीच प्रश्नपत्रिका हाताने लिहून मोबाइलने चार फोटो काढले, तर एकेक फोटो सहज ३० लाख बाइटचा होतो. चार फोटोंचे १ कोटी २० लाख. म्हणजे एकाच प्रश्नपत्रिकेचे ओझे साडेसहाशेहून अधिक पटींनी वाढले! हजार मुलांनी ती उतरवून घेतली, तर एकीकडे १८ मेगाबाइट वाहतूक होते आणि दुसरीकडे १२,००० मेगाबाइट, म्हणजे १२ गिगाबाइट. तेव्हा मोठी जागा घेण्यापूर्वी सामान कमी होते का, ते पाहावे. प्रश्नपत्रिका टाइप कराव्यात, फोटो लहान करून चढवावेत. या कामाला पैसा पडत नाही.

दुसरे माप गर्दीचे. दिवसाला किती लोक आले यापेक्षा एका क्षणी किती आले, हे महत्त्वाचे. दिवसभरात दोन हजार माणसे सावकाश येऊन गेली, तर लहान सर्व्हरलाही ते कळत नाही. पण परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता शंभर मुलांनी एकदम बटण दाबले की पंचाईत होते. समजा, एक पान डेटाबेसमधून जुळवून तयार करण्यास सर्व्हरला अर्धा सेकंद लागतो आणि तो एका वेळी एकच पान करतो. मग शंभराव्या मुलाची पाळी यायला पन्नास सेकंद लागणार. तेवढा वेळ कोण थांबतो? तो पुन्हा बटण दाबतो आणि रांग आणखी वाढते. यावर पहिला उपाय कॅशिंगचा. पान एकदाच तयार करून ठेवायचे आणि येईल त्याच्या हाती द्यायचे. खानावळीत प्रत्येकासाठी वेगळी डाळ शिजवीत नाहीत, पातेलेभर करून वाढतात, तसेच हे. एवढ्याने पुष्कळ वेबसाइटींचे दुखणे जागच्या जागी बरे होते.

आता जागेचे प्रकार. ते चार आहेत आणि पाण्याच्या दाखल्याने ते चांगले समजतात.

पहिला प्रकार शेअर्ड होस्टिंग, म्हणजे भाऊबंदांतली सामाईक विहीर. एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइटी असतात. भाडे थोडे, यंत्राची देखभाल मालकाकडे. पण शेजाऱ्याने मोटर जोरात चालवली की आपले पाणी कमी होते. कधी असेही होते की शेजारची एखादी वेबसाइट नको असलेल्या ई-मेलांचा मारा करते आणि एकच पत्ता वाटून घेतल्यामुळे आपलीही पत्रे अडतात. तथापि, शाळा, वाचनालय, ग्रामस्थांचे मंडळ यांची माहितीपर वेबसाइट असेल, तर ही सामाईक विहीर पुष्कळ वर्षे पुरते. तिची लाज वाटण्याचे कारण नाही.

दुसरा प्रकार व्हीपीएस. यंत्र एकच, पण सॉफ्टवेअरच्या भिंती घालून त्याचे वाटे केलेले. विहीर तीच, परंतु प्रत्येकाला मोजून दिलेली वेगळी टाकी आणि तिची चावी त्याच्याच हाती. आपल्या वाट्याची मेमरी सहसा दुसऱ्याकडे जात नाही. पण चावी आपल्या हाती आली, म्हणजे जबाबदारीही आली. सॉफ्टवेअर ताजे ठेवणे, घुसखोरांना अडवणे, बिघडले तर रात्री उठून पाहणे, हे सारे आपण करायचे. ते जमणार नसेल, तर 'मॅनेज्ड' व्हीपीएस घ्यावा. भाडे अधिक पडते, पण देखभाल कंपनी पाहते. ज्या संस्थेत संगणकाचे हे काम जाणणारा एकही माणूस नाही, तिने स्वस्त पाहून नुसता व्हीपीएस घेणे म्हणजे मोटर घ्यायची आणि ती दुरुस्त करणारा गावात नाही, असे होते.

तिसरा प्रकार डेडिकेटेड सर्व्हर. ही स्वतःची विहीर. संपूर्ण यंत्र आपल्या एकट्याच्या कामाला. ताकद मोठी, भाडेही मोठे आणि वर्षातले कित्येक महिने पाणी नुसते भरून राहणार. रोजच मोठा राबता असलेल्या उद्योगाला हे परवडते. शाळेच्या वेबसाइटला याची गरज क्वचितच पडेल.

चौथा प्रकार क्लाउड. हे मीटरचे पाणी. ॲमेझॉन कंपनीने २००६ साली असे संगणक तासाच्या भाड्याने देण्यास आरंभ केला. २०१६ साली तिचे केंद्र मुंबईत आले. त्याआधी २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली केंद्रे उघडली होती. येथे गर्दीच्या दिवशी जास्त यंत्रे घ्यायची आणि गर्दी ओसरली की सोडून द्यायची. आंब्याच्या हंगामात दोन महिने मागणी आणि मग दहा महिने शांतता, अशी ज्यांची विक्री आहे, त्यांना हे सोयीचे. परंतु मीटरचा नळ उघडा राहिला, तर बिल कुणाच्या नावाने येते, हे सांगायला नको. म्हणून अमुक रकमेपलीकडे बिल जाऊ लागले की सूचना यावी, अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करून ठेवावी.

मग पुढच्या पायरीवर केव्हा जावे? सामान हलके केले, कॅशिंग केले आणि तरीही आठवड्यामागून आठवडे पान उघडायला उशीर होत असेल. मेमरी किंवा प्रोसेसर यांची मर्यादा ओलांडल्याच्या सूचना वरचेवर येत असतील. किंवा वेबसाइटवर लोकांच्या पैशाचे व्यवहार सुरू झाले असतील, तर शेअर्ड होस्टिंग सोडण्याची वेळ झाली, असे समजावे. एका दिवसाच्या गर्दीने घाबरून घर बदलू नये.

करार करताना जाहिरातीतील मोठी अक्षरे वाचून थांबू नये. 'अमर्यादित जागा' असे लिहिलेले असते. आतल्या नियमांत मात्र फायलींची संख्या, प्रोसेसरचा वेळ यांना मर्यादा असते. पहिल्या वर्षाचे भाडे कमी दाखवतात; दुसऱ्या वर्षीचे विचारून घ्यावे. वेबसाइट '९९.९ टक्के वेळ चालू' राहील म्हणतात, तेव्हा तीस दिवसांच्या महिन्यात सुमारे ४३ मिनिटे ती बंद राहू शकते, असा त्याचा अर्थ. तेच '९९ टक्के' असेल, तर सात तासांहून अधिक. आकड्यांत फरक एका टक्क्याहूनही कमी, पण तो निकालाच्या दिवशी कळतो. शिवाय सर्व्हर कोठे आहे, हेही विचारावे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर धरले, तर जाऊन-येऊन सेकंदाचा आठवा भाग गेला; आणि एक पान उघडताना अशा खेपा अनेकदा होतात. आपले वाचक महाराष्ट्रात असतील, तर सर्व्हर भारतात असणे हिताचे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जागा कितीही चांगली असो, ती परक्याची आहे. जिओसिटीज नावाची फुकट जागा १९९४ साली अमेरिकेत निघाली. लाखो लोकांनी तेथे आपली पाने मांडली. याहू कंपनीने ती १९९९ मध्ये विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरात तिकडची जागा बंद केली. काही स्वयंसेवकांनी धडपड करून जी पाने उतरवून ठेवली, ती वाचली; बाकीची गेली. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली. एक संपूर्ण इमारत जळाली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. पण ज्यांच्या मालाची दुसरी प्रत त्याच आवारात होती, अशा कित्येकांची दोन्ही गेली. बियाणे सगळे एकाच कणगीत ठेवू नये, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वेबसाइटची प्रतही दर आठवड्याला घ्यावी, ती दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि तिच्यापासून वेबसाइट पुन्हा उभी राहते का, हे वर्षातून एकदा तरी करून पाहावे. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवता येत नाही.

आपल्याकडे आगीपेक्षा मोठा धोका बदलीचा आहे, हे शिक्षक बंधुभगिनींना पटेल. उत्साही गुरुजी स्वतःच्या नावाने डोमेन घेतात, स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर खाते उघडतात, पदरचे पैसे भरतात. पुढे त्यांची बदली होते किंवा ते निवृत्त होतात. नूतनीकरणाची सूचना त्यांच्या जुन्या पत्त्यावर येत राहते आणि मुदत संपून एके दिवशी नाव दुसऱ्याच्या हाती जाते. मुलांनी लिहिलेल्या कविता, गावाच्या इतिहासाच्या नोंदी, वीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका जागेवर असूनही त्यांचा पत्ता हरवतो. यास्तव डोमेन संस्थेच्या नावाने घ्यावे, संस्थेचा ई-मेल द्यावा, आणि खाते व मुदतीची तारीख यांची नोंद दप्तरात करून ती कपाटाच्या किल्ल्यांबरोबर नव्या माणसाच्या स्वाधीन करावी. डोमेन एकीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे घेतले, तर अधिक बरे. घरमालकाशी बिनसले, तरी नाव आपल्याजवळ राहते.

नाव आणि प्रत हाती असली, की घर बदलणे अवघड नाही. नव्या जागी सारे मांडून तपासावे, डोमेनचा पत्ता नव्या जागेकडे वळवावा आणि जुनी जागा आठवडाभर तशीच चालू ठेवावी. कारण नवा पत्ता सगळीकडे पोहोचायला थोडा वेळ लागतो. ई-मेल जुन्याच जागी असेल, तर त्याची व्यवस्था आधी पाहावी. हे काम परीक्षेच्या किंवा हंगामाच्या तोंडावर काढू नये, सुट्टीत करावे.

सारांश असा. आधी सामान हलके करा, मग गर्दी मोजा आणि आपल्याकडे सांभाळणारा माणूस कोण आहे, ते पाहा. या तिन्हींची उत्तरे मिळाली, की चारांपैकी कोणती जागा घ्यावी, हे बहुधा आपोआप कळते. आज लागते त्याहून थोडी अधिक घ्या. सदऱ्याला ठेवतात तेवढीच माया ठेवा. आणि नाव व प्रत या दोन वस्तू कोणाच्याही स्वाधीन करू नका. त्या आपल्या असतील, तर जागा चुकली तरी पुढच्या महिन्यात बदलता येईल.