गच्चीवरचे ऊन आणि संध्याकाळचा दिवा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणावरून)



सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून मंडळाच्या क्रीडाविभागासाठी सौरविद्युत् संच व बॅटऱ्या घ्याव्यात, अशी सूचना पुढे आली आहे. तिच्यासंबंधी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली. मी इंजिनियर नव्हे. बी. ए. होऊन सारी हयात केंद्र सरकारच्या फायलींत घालवलेला माणूस. परंतु खर्चाच्या प्रस्तावात काय लिहिलेले नसते, ते शोधण्याची खोड नोकरीने लावली. तिचाच उपयोग आज करतो.

आपल्याकडच्या जुन्या तालमींना दिव्याची फिकीर नव्हती. जोर, बैठका, मल्लखांब, सारे पहाटे उरकत असे. दिल्लीतील मराठी माणूस मात्र कचेरीच्या वेळेला बांधलेला. पहाडगंजात आपला खेळ सुरू होतो तो संध्याकाळी सहानंतर, आणि हिवाळ्यात तेव्हा काळोख पडलेला असतो. म्हणजे गच्चीवर ऊन असते तेव्हा खाली सामसूम, आणि खाली गजबज असते तेव्हा वर ऊन नाही. आपला सारा प्रश्न या एका वाक्यात आहे.

हा प्रश्न क्षुल्लक नाही. दिवे गेले तर मुलगे अंधारातही दंगामस्ती करीत थांबतात. खो-खोच्या मुलींचे आईवडील मात्र दुसऱ्या दिवशी मुलीला पाठवताना विचारात पडतात. मुलींचा संघ टिकणे न टिकणे अशा लहान गोष्टींवर अवलंबून असते.

खेळाच्या संस्थांनी ही वाट पूर्वीच चोखाळली आहे. बंगळूरच्या चिन्नास्वामी क्रीडांगणाच्या छतावर २०१५ साली सौरफलक बसले. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या ब्रेबॉर्न क्रीडांगणावर टाटा पॉवरने सुमारे ८२० किलोवॅटचा संच उभारला. २०२० साली त्याची वार्ता सर्वत्र झाली. १९३७ साली बांधलेल्या वास्तूला हे नवे छत्र लाभले. आपली गच्ची त्यांच्यापुढे किती लहान! पण हिशेबाची रीत तीच.

एक किलोवॅटच्या फलकांना सावली न पडणारी सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते. दिल्लीच्या उन्हात त्यापासून वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटे मिळतात. दहा किलोवॅटचा संच धरला, तर हजार चौरस फूट जागा आणि दिवसाला चाळीस युनिटे. आता खर्च पाहा. दीडशे वॅटचे बारा एलईडी दिवे तीन तास जळले, तर साडेपाच युनिटांहून कमीच वीज लागते. पंखे धरून सात म्हणा. उत्पन्न पुरेसे आहे, फक्त वेळ जुळत नाही.

वेळ जुळवण्याचे मार्ग दोन. पहिला नेट मीटरिंगचा. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने त्याचे नियम २०१४ साली केले. दुपारची शिल्लक वीज तारेत सोडावी, संध्याकाळी तारेतून घ्यावी, आणि बिलात वजावट व्हावी. येथे वीजकंपनीच आपली पेढी. दुसरा मार्ग बॅटरीचा. तेथे पेढी आपल्या घरात, आणि राखणही आपल्यालाच करावी लागते.

मग बॅटरी हवीच कशाला? येथे अनेकांची फसगत होते. साधा नेट मीटरिंगचा संच तारेतील वीज गेली की स्वतःही बंद पडतो, मग माथ्यावर लख्ख ऊन का असेना. खांबावर काम करणाऱ्या कामगाराला आपल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून ही व्यवस्था आहे. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारताची वीज गेली, त्या दिवशी असा संच असता तर तोही गप्प राहिला असता. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील, तर बॅटरी आणि तिला जोडणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो.

परंतु केवढी बॅटरी? साऱ्या संध्याकाळची सात युनिटे साठवण्याची गरज नाही. तो भार नेट मीटरिंगने उचलावा. एक तास वीज गेली तर खेळ पुरा होऊन मुली घरी पोहोचाव्यात, एवढेच आपल्याला हवे. त्याला अडीच युनिटे पुरतात. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणून ती पाच युनिटांची घ्यावी लागेल. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची तीन-साडेतीनांची चालेल. दुसरीची किंमत अधिक, पण आयुष्यही पुष्कळ अधिक.

नोकरीत बदलीच्या एका गावी मी एका व्यायामशाळेच्या बॅटऱ्या पाहिल्या होत्या. उद्घाटनाचा फलक संगमरवरी होता. बॅटऱ्यांत पाणी घालणारा मात्र कोणी नेमला नव्हता. दोन वर्षांत त्या कोरड्या पडल्या. दोष यंत्राचा नव्हता. प्रस्तावात न लिहिलेली गोष्ट म्हणतात ती हीच.

आणखी एक इशारा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेचे अनुदान निवासी घरांसाठी आहे. ते गृहीत धरून क्लबाचे अंदाजपत्रक करू नये.

म्हणून माझी विनंती अशी: निधीचा मोठा भाग फलकांवर घालावा, बॅटरी तासाभराच्या गरजेपुरतीच घ्यावी, आणि दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम आजच वेगळी काढावी. दिल्लीच्या उन्हाळी आंध्या फलकांवर धुळीचा थर चढवतात. ते दर पंधरवड्याला कोण धुणार, त्या दोघांची नावे फीत कापण्यापूर्वी सूचनाफलकावर लागावीत. त्यांतले एक नाव माझे घाला. निवृत्ती जवळ आली आहे, आणि गच्चीचा जिना अजून चढवतो.