दशमी

मांजर पाळायचं असं आमच्या घरात कुणीही ठरवलेलं नव्हतं. ठरलं होतं ते उंदीर घालवायचे, एवढंच. २०१९ मध्ये आम्ही दोघं नोकरीतून मोकळे झालो आणि ठाण्याचा फ्लॅट मुलाच्या हवाली करून गुहागर तालुक्यातल्या आमच्या मूळ घरी राहायला आलो. घरात सासूबाई होत्याच. आता त्यांचं वय ८७. घर जुनं, चिऱ्याचं, कौलारू. पुढे ओटी, मग माजघर, वर माळा, मागे पडवी. अशा घरात माणसं राहतात ती उंदरांच्या परवानगीने, हे पहिल्याच पावसाळ्यात कळलं. साबण गेला, मिक्सरची वायर गेली, आगोटीला भरून ठेवलेल्या फणसपोळीला भोकं पडली. सासूबाईंच्या पोथीचा कोपरासुद्धा कुरतडला, तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढा अध्याय वाचून झाला म्हणायचं." रात्री माळ्यावर अशी पळापळ चाले की पाहुण्यांना वाटावं, वर बिऱ्हाड आहे.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी माळ्याच्या जिन्यावरून एक लांबलचक धामण शांतपणे खाली उतरली. गावातल्या सर्पमित्राने ती धरून रानात सोडली आणि जाताना बजावलं, "ही बिनविषारी. पण ही ज्याच्यासाठी आली होती त्याच्याचसाठी उद्या नाग येईल. आधी उंदरांचं बघा." ह्यांनी लगेच बाजारातून विषाच्या वड्या आणल्या. सासूबाईंनी त्या घरात येऊ दिल्या नाहीत. म्हणाल्या, "विष खाल्लेला उंदीर कणगीच्या मागे जाऊन मरेल. मग वासाने तो शोधायला माळ्यावर तू चढणार आहेस का? आणि मेलेला उंदीर बाहेर टाकलास की तो खाणारं घुबड मरेल, ते वेगळंच." यावर उत्तर नव्हतं.

मागच्या वाडीतल्या एका बाईंच्या लाकडांच्या खोपीत मांजर व्यायलं होतं. तिसऱ्याच दिवशी त्या पदराखाली एक पिल्लू घेऊन आल्या. पांढरं, काळं आणि तांबूस, अशा तीन रंगांचं. सासूबाईंनी लांबूनच बघितलं आणि निकाल दिला, "मादी आहे. तीन रंगांची मांजर मादीच असते." मी मनात हसले. नंतर वाचलं तर बाईंचं बरोबर! मांजराचा तांबूस रंग एक्स गुणसूत्रावरच्या जनुकाने ठरतो. तांबूस आणि काळा असे दोन्ही रंग एकाच अंगावर यायचे, तर दोन एक्स हवेत, म्हणजे मादी हवी. अशा रंगाचा बोका अगदी क्वचित सापडतो. हे जनुक नेमकं कोणतं, ते जपानमधल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवून दिलं. सासूबाईंना ते सांगितलं, तर म्हणाल्या, "एवढं शिकून त्यांना आत्ता कळलं?"

पिल्लू जेमतेम दीड महिन्याचं असेल. आज मला माहीत आहे, की निदान आठ आठवडे ते आईजवळ आणि भावंडांत राहायला हवं होतं. पिल्लं एकमेकांशी मारामाऱ्या करतात, जोरात चावलं की दुसरं ओरडतं, खेळ बंद करतं. दात किती जोराने लावायचे, हे पिल्लू त्यातून शिकतं. आमच्या पिल्लाचा हा धडा राहून गेला होता. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

पहिला गोंधळ दुधाचा. मांजर म्हटलं की दूध, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं! मी वाटीभर गाईचं दूध ठेवलं, पिल्लाने ते डोळे मिटून प्यायलं आणि दुसऱ्या दिवशी पडवीभर घाण केली. पशुवैद्यांना फोन केला. ते म्हणाले, दुधातली साखर पचवायची ताकद बहुतेक मांजरांत आईचं दूध सुटता सुटता कमी होते. पाणी द्या आणि मांसाहार द्या. आता आली का पंचाईत! आमचं घर शाकाहारी. सासूबाईंनी दहीभात, पोळीचा कुस्करा, वरण असं सगळं करून पाहिलं. पिल्लू वास घ्यायचं आणि तोंड फिरवायचं. वैद्य म्हणाले, "कुत्रा एक वेळ तुमच्या ताटातलं खाऊन निभावेल, मांजराचं तसं नाही. त्याला लागणारं टॉरिन मांसमच्छीतूनच मिळतं. ते नाही मिळालं तर डोळे जातात, हृदय बिघडतं."

सासूबाईंनी बराच वेळ विचार केला आणि अट घातली. शिजवायचं ते अंगणाच्या टोकाला, वेगळ्या भांड्यात, आणि घरातल्या बाईने नाही. म्हणजे उरले कोण? आमचे हे वयाच्या ६५ व्या वर्षी तीन दगडांच्या चुलीवर मांदेली उकडायला शिकले. काटे काढताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असे. आम्ही पिल्लाला नाव दिलं नव्हतं. सासूबाई त्याला "ए मेल्या" म्हणत. मादी आहे हे त्यांनीच सांगितलेलं, पण शिवी मात्र पुल्लिंगीच.

घरात उत्साह आला, हे कबूल करायला हवं. सासूबाई दुपारी ओटीवर कापसाच्या वाती वळत बसायच्या आणि पिल्लू त्या कापसावर झडप घालायचं. तसंच एका दुपारी झालं. झडप कापसावर होती, दात अंगठ्यात गेले. रक्त आलं. मी येईपर्यंत सासूबाईंनी त्यावर हळद दाबून भरली होती आणि पुन्हा वाती वळायला घेतल्या होत्या.

मी त्यांना नळाखाली नेलं. धारेखाली साबण लावून १५ मिनिटं जखम धुवायची, हे कुठे तरी वाचलेलं त्या वेळी आठवलं, हे नशीब. पंधरा मिनिटं किती मोठी असतात, ते त्या दिवशी समजलं. "कातडं सोलून काढशील," असं त्या म्हणत होत्या आणि मी घड्याळाकडे बघत होते. मग रिक्षा करून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी जखमेपेक्षा पिल्लाचीच चौकशी जास्त केली. कुठून आणलं? आई पाळीव की भटकी? लस? लस कुठली, वयच नाही. त्याला कुठे काही चावल्याची खूण? आम्हाला एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, "आजी, कुत्र्यासारखाच मांजरापासूनही रेबीज होतो. रक्त आलंय, म्हणजे लस तर हवीच, शिवाय जखमेत सीरम हवं." लस दोन्ही दंडांवर, कातडीच्या वरच्या थरात. आज, मग तिसऱ्या, सातव्या आणि २८ व्या दिवशी. धनुर्वाताचं इंजेक्शन वेगळं. सीरमसाठी त्याच संध्याकाळी आम्ही मोठ्या रुग्णालयात गेलो. अंगठ्याच्या जखमेत आणि भोवती सुई टोचतात. सासूबाईंनी हूं की चूं केलं नाही.

परतताना रिक्षात त्या एकदम बोलायला लागल्या. त्यांच्या लहानपणी धाकट्या भावाला कुत्रा चावला होता. वडिलांनी त्याला मुंबईला नेऊन पोटात १४ इंजेक्शनं दिली. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस. भारतात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं. भाऊ जगला. पण त्याच कुत्र्याने त्याच दिवशी शेजारच्या मुलालाही ओरबाडलं होतं. त्याच्या घरच्यांनी पाला बांधला, मंत्र घातला. दीड महिन्याने त्या मुलाला पाण्याचं भांडं बघितलं तरी झटके यायला लागले. "मी दारातून बघितलंय," सासूबाई म्हणाल्या. "सात वर्षांची होते." चाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. आजही एकदा लक्षणं दिसू लागली की या रोगावर जवळपास काहीच इलाज नाही. जे काही करायचं ते त्याआधी.

डॉक्टरांनी आणखी एक काम दिलं होतं. पिल्लाला मारायचं नाही, कुठे सोडून द्यायचं नाही, दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचं. चावलं तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू असेल, तर या दहा दिवसांत ते आजारी पडून मरेल. दहा दिवस धडधाकट राहिलं, तर त्या वेळी लाळेत विषाणू नव्हता, असं समजायचं. लस मात्र तोवर थांबवायची नाही.

पडवीतल्या कोठीच्या खोलीत पिल्लाला बंद केलं. खाणं-पाणी हातमोजे घालून, खेळ बंद. सासूबाई दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारत. खोलीच्या दाराला वर जाळी आहे. त्या तिथे स्टूल टाकून बसत. विचारलं तर म्हणत, "पहारा करतेय." चौथ्या दिवशी मी चहा द्यायला गेले, तर त्या जाळीतून वातीच्या कापसाचा दोरा सोडून हलवत होत्या. मी काही बोलले नाही.

सातव्या दिवशी तिसरी लस घेऊन आम्ही परत आलो तेव्हा वारं सुटलं होतं, वीज गेली होती आणि कोठीचं दार सताड उघडं होतं. कडी जुनी, वाऱ्याने निसटली असणार. पिल्लू नव्हतं.

विजेऱ्या घेऊन आम्ही लाकडांची खोप, गोठा, विहिरीचा काठ, पन्हळीखालचा कोनाडा, सगळं पाहिलं. वाडीतली पोरं भिजत हाका मारत फिरली. त्याच्या आईच्या खोपीतही ते नव्हतं. डॉक्टरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "लस पूर्ण करू, आजींना धोका राहणार नाही." पटत होतं. पण रात्री भीतीला पटत नाही. सासूबाई जेवल्या नाहीत. त्यांनी फुलीही मारली नाही. अंधारात एकदा एवढंच म्हणाल्या, "पाणी पीत होतं का गं ते सकाळी?" खरं सांगायचं तर मला आठवत नव्हतं. मी हो म्हटलं.

आठवा दिवस तसाच गेला.

नवव्या दिवशी सकाळी दात घासता घासता हे थांबले. म्हणाले, "दोन रात्री वर उंदीर नाचले नाहीत. तुला काही ऐकू आलं?" आणि तोंडातल्या फेसासकट माळ्याचा जिना चढले. भाताच्या कणगीमागे जुना पाळणा पडला आहे. माझी मुलं त्यात वाढली, हेही त्यातच वाढले. त्यात, गोधडीच्या चिंध्यांत, आमचं पिल्लू बसलं होतं. एवढंसं पिल्लू काय उंदीर मारणार! पण मांजराच्या नुसत्या वासानेही उंदीर बुजतात, आणि माळ्यावर तो वास दोन दिवस भरून राहिला होता.

आनंद करायची घाई मात्र करता येत नव्हती. अंधाऱ्या कोपऱ्यात लपणं हेही या रोगाचं लक्षण असू शकतं, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. ह्यांनी हातमोजे घालून त्याला खाली आणलं, कोठीत ठेवलं, पाण्याची वाटी सरकवली. आम्ही तिघं जाळीला नाक लावून उभे. पिल्लाने वाटीकडे पाहिलं, वाटीभोवती एक फेरी मारली, आमच्याकडे पाहिलं. मग चुटुचुटु पाणी प्यायला लागलं. सासूबाई स्टुलावर बसल्या. "मांदेली चढवा," म्हणाल्या.

दहाव्या दिवशी त्यांनी राहिलेल्या सगळ्या फुल्या एकदम मारल्या. पिल्लू त्या वेळी कोठीत स्वतःच्या शेपटीमागे धावत होतं. "दशमी म्हणा हिला," सासूबाई म्हणाल्या. शिवीचं पुल्लिंग त्या दिवशी संपलं. तीन महिन्यांची झाल्यावर दशमीला रेबीजची लस दिली, आता दर वर्षी द्यायची. सहाव्या महिन्यात ऑपरेशनही केलं. नाही तर पुढच्या पावसाळ्यात मीच पदराखाली पिल्लं घेऊन दारोदार फिरले असते. वाती वळताना सासूबाई आता तिच्यासाठी काठीला बांधलेली वेगळी चिंधी ठेवतात. खेळायचं ते चिंधीशी, हाताशी नाही.

डॉक्टरांनी २८ व्या दिवसाची लस घ्यायला सांगितलंच होतं. म्हणाले, घेऊन टाका, पुढे उपयोगी पडेल. आम्ही रांगेत होतो. पुढे एक बाई होती, कडेवर पाच-सहा वर्षांचा मुलगा, पोटरीला फडकं गुंडाळलेलं. फडक्यातून तिखटाचा वास येत होता. कुत्रा चावला होता. सासूबाईंनी मला बाजूला सारलं आणि त्या बाईचा हात धरला. "चल आधी," म्हणाल्या, "तिकडे नळ आहे, साबण माझ्या पिशवीत आहे. पंधरा मिनिटं लागतील. रडू दे त्याला." बाई गोंधळून म्हणाली, "आजी, माझा नंबर जाईल."

"माझा घे," सासूबाई म्हणाल्या आणि नळाकडे चालू लागल्या.